फिरस्ता टाइट एंड

आपल्या स्मरणिकेत अमेरिकन फुटबॉलवर लेख म्हटल्यावर काही वाचक लगेच पान उलटतील, याची मला पूर्ण कल्पना आहे. सप्टेंबर ते फेब्रुवारी, दर रविवारी दुपारी टीव्ही मुलांच्या ताब्यात आणि आपण आतल्या खोलीत पोह्यांची बशी घेऊन भारतात फोन लावत बसलेलो, ही अनेक घरांतली स्थिती. तरीही मंडळी, दहा मिनिटं द्या. लेखातला माणूस फुटबॉल खेळणारा असला तरी विषय नोकरीचा आहे, आणि नोकरी बदलणं म्हणजे काय हे आपल्या मंडळात कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

इंग्रजीत 'जर्नीमन' असा एक शब्द आहे. प्रवासाशी त्याचा थेट संबंध असेल असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पण त्याचं मूळ आहे दिवस या अर्थाच्या फ्रेंच शब्दात. युरोपातल्या जुन्या कारागीर संघांत उमेदवारी संपवलेला, हातात कसब असलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला आणि म्हणून दिवसाच्या मजुरीवर दुसऱ्याकडे काम करणारा तो जर्नीमन. म्हणजे रोजंदारीवरचा कसबी माणूस. खेळाच्या पानांवर हा शब्द या संघातून त्या संघात फिरत राहिलेल्या खेळाडूसाठी वापरतात, आणि तो वापरताना आवाजात थोडी कीवही असते. मला ती कीव पटत नाही.

आता टाइट एंड म्हणजे कोण? फुटबॉलमध्ये आक्रमण करणाऱ्या बाजूला पाच धिप्पाड लाईनमन असतात. त्यांचं काम समोरच्याला अडवणं. चेंडू झेलण्याशी त्यांचा संबंध नाही. दुसऱ्या टोकाला असतात चपळ रिसीव्हर. ते पळतात, झेलतात आणि वर्तमानपत्रात त्यांचे फोटो येतात. टाइट एंड या दोघांच्या मधला. लाईनीच्या टोकाला चिकटून उभा राहतो, एका खेळीत अडीचशे-तीनशे पौंडांच्या माणसाला अंगावर घेतो आणि पुढच्या खेळीत गर्दीत घुसून झेल घेतो. आपल्याकडे पूर्वीच्या यष्टिरक्षकाचं जसं असायचं, की झेल सुटला तरच लोकांना तो दिसायचा, तसंच काहीसं. १९६१ मध्ये शिकागो बेअर्सच्या माईक डिटकाने पहिल्याच मोसमात ५६ झेल घेऊन एक हजार यार्डांच्या वर मजल मारली, तेव्हा कुठे या जागेकडे लोकांचं नीट लक्ष गेलं. पगार मात्र आजवर दोन पायऱ्या खालीच राहिला. २०१४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या जिमी ग्रॅहॅमला लवादापुढे भांडावं लागलं, की मी बहुतेक वेळा रिसीव्हरच्या जागी उभा राहतो, तर मला रिसीव्हरच्या दराने धरा. दोन दरांत पाच दशलक्ष डॉलरहून अधिक फरक होता. लवादाने तो टाइट एंडच असल्याचा निकाल दिला. हुद्दा एक आणि काम दुसरं, हा अनुभव आपल्या क्षेत्रातल्या लोकांना काही नवा नाही!

मी ज्याच्याबद्दल लिहितो आहे तो जर्मेन विगिन्स. जन्म १९७५ चा, ईस्ट बॉस्टनचा, म्हणजे लोगन विमानतळाला लागून असलेल्या वस्तीतला. बॉस्टनला उतरलेल्या प्रत्येक मराठी माणसाने नकळत त्याच्या गल्ल्यांवरून विमान नेलेलं आहे. आधी वेस्ट व्हर्जिनियातलं मार्शल विद्यापीठ, मग जॉर्जिया. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये अडीचशेहून अधिक नावं पुकारली गेली, त्यांत त्याचं नव्हतं. उंची सहा फूट दोन इंच, वजन अडीचशे पौंडांच्या वर, आणि वेग बेताचा. न्यूयॉर्क जेट्सनी त्याला ड्राफ्टबाहेरून घेतलं. प्रत्यक्ष खेळायला मिळालं ते २००० मध्ये.

त्या वर्षी २३ ऑक्टोबरच्या सोमवारी जेट्स मायामीविरुद्ध ३०-७ असे मागे होते. चौथ्या डावात त्यांनी तीस गुण केले आणि जादा वेळेत ४०-३७ असा सामना जिंकला. न्यूयॉर्कमध्ये त्या रात्रीच्या गोष्टी अजून सांगतात. त्या तीस गुणांतला एक टचडाऊन विगिन्सचा, एका यार्डावरून. आणि त्याच मोसमात, काही आठवड्यांतच, जेट्सनी त्याला वेव्हरवर टाकलं.

वेव्हर हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. संघाने खेळाडूला सोडलं की त्याचं नाव यादीत जातं. बाकीच्या संघांना साधारण एक दिवस मिळतो. जो मागेल त्याला तो खेळाडू मिळतो, दोघांनी मागितला तर ज्याची कामगिरी जास्त वाईट त्याला आधी. खेळाडूला कोणी विचारत नाही. विगिन्सला मागितलं न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी. त्यांचा नवा प्रशिक्षक बिल बेलिचिक आदल्या वर्षी जेट्सकडेच होता, त्यामुळे हा जाडजूड पोरगा गर्दीत चेंडू सोडत नाही हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. थोडक्यात, ओळखीच्या मॅनेजरने नव्या कंपनीत बोलावून घेतलं. योगायोगाने ती कंपनी विगिन्सच्या गावाची निघाली.

मी मास्टर्स करायला बॉस्टनला पोचलो ऑगस्ट २००१ मध्ये. पुढच्या काही आठवड्यांत जे घडलं ते सर्वांना ठाऊक आहे. त्यावर मी इथे लिहीत नाही. त्या हिवाळ्यात आम्ही पाच मुलं तीन खोल्यांत राहत होतो आणि फुटपाथवरून उचलून आणलेला एक टीव्ही आमच्याकडे होता. १९ जानेवारी २००२ च्या रात्री बर्फ पडत होता, बाहेर जाण्याचा प्रश्नच नव्हता, आणि फॉक्सबरोच्या जुन्या स्टेडियममधला शेवटचा सामना लागला होता. ओकलंड रेडर्स विरुद्ध पेट्रियट्स. नियम आम्हांला अर्धवट कळत होते. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर येऊन बसले होते, ते समजावून सांगत होते.

त्या सामन्याची कीर्ती आहे ती 'टक रूल'मुळे. शेवटच्या दोन मिनिटांत टॉम ब्रेडीच्या हातून चेंडू निसटला, रेडर्सनी तो धरला, सामना संपला असं वाटलं, आणि पंचांनी रिप्ले पाहून निर्णय फिरवला. ओकलंडचे लोक त्यावर अजून चिडतात, आणि मला विचाराल तर त्यांचं काही अगदीच चुकत नाही. तो नियम पुढे २०१३ मध्ये रद्दच झाला. मग ॲडम व्हिनाटिएरीने बर्फातून ४५ यार्डांची किक मारून बरोबरी साधली, तीही दंतकथा झाली. पण त्या रात्री मला सारखा दिसत होता तो एक बुटका वाटणारा, रुंद माणूस. पेट्रियट्स १३-३ मागे होते. चौथ्या डावात ब्रेडीने लागोपाठ नऊ पास पूर्ण केले. बर्फात चपळ रिसीव्हरांचे पाय घसरतात. लांबचे पास जमत नाहीत. अशा वेळी मधोमध, चार-सहा यार्डांवर, तोंड वळवून उभा राहणारा आणि झेल घेऊन दोघांच्या वजनाखाली कोसळणारा माणूस लागतो. संपूर्ण नियमित मोसमात विगिन्सने चौदा झेल घेतले होते. त्या एका रात्रीत त्याने दहा घेतले, ६८ यार्ड. आदल्याच दिवशी त्याला २७ वर्षं पूर्ण झाली होती. सामना जादा वेळेत १६-१३ असा सुटला.

पंधरा दिवसांनी, ३ फेब्रुवारी २००२ ला, न्यू ऑर्लिन्समध्ये सुपर बोल. समोर सेंट लुईस रॅम्स. सट्टेबाजांच्या हिशोबाने पेट्रियट्स चौदा गुणांनी हरायचे होते. १७-१७ अशी बरोबरी, दीड मिनिटाहून कमी वेळ, चेंडू आपल्याच टोकाला १७ यार्डांवर आणि टाइमआउट एकही शिल्लक नाही. टीव्हीवर जॉन मॅडन म्हणत होते की इथे धोका पत्करू नये, जादा वेळेत जावं. ब्रेडी खेळत राहिला. ट्रॉय ब्राऊनला २३ यार्डांचा पास गेला, तो क्षण सगळ्यांना आठवतो. त्यानंतरचा पास विगिन्सला, सहा यार्डांचा. चेंडू ३० यार्डांच्या रेषेवर आला, ब्रेडीने तो जमिनीवर आपटून घड्याळ थांबवलं तेव्हा सात सेकंद उरले होते. व्हिनाटिएरीची किक ४८ यार्डांवरून गेली. तेच सहा यार्ड नसते तर ती ५४ ची झाली असती. पेट्रियट्सच्या पहिल्या विजेतेपदाच्या शेवटच्या झेलावर नाव आहे ते ड्राफ्टमध्ये कोणी न घेतलेल्या, वेव्हरवरून उचललेल्या स्थानिक पोराचं.

आणि २००२ चा मोसम सुरू झाला तेव्हा तो संघात नव्हता. पेट्रियट्सनी क्रिस्तियन फॉरिया या अनुभवी टाइट एंडला आणलं, ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत डॅनियल ग्रॅहॅमला घेतलं, आणि विगिन्ससाठी जागा उरली नाही. नवीन स्टेडियम उघडलं, विजेतेपदाचा झेंडा चढला. त्याच मोसमात तो आधी इंडियानापोलिस कोल्ट्सकडे आणि मग कॅरोलिना पँथर्सकडे गेला.

मराठीत 'मोकळा' हा शब्द मोठा मजेचा आहे. मोकळा झालो म्हणजे सुटलो. मोकळं केलं म्हणजे कधीकधी घरी पाठवलं. विगिन्सच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे होते. पेट्रियट्स त्याला ठेवायला बांधील नव्हते, आणि तोही दुसरीकडे जायला मोकळा होता. हा दुसरा अर्थ खेळाडूंना कसा मिळाला, हा इतिहास बहुतेक फुटबॉलप्रेमींनाही नीट माहीत नसतो. त्याच्या मुळाशीही एक टाइट एंडच आहे.

जॉन मॅकी १९६३ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सकडे आला. झेल घेतल्यावर पळत सुटणारा आणि अंगावर आलेल्यांना झटकून टाकणारा टाइट एंड. त्याच्याआधी असा कोणी नव्हता म्हणतात. त्या काळी करार संपला तरी खेळाडू सुटत नसे. लीगचे कमिशनर पीट रोझेल यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम होता: करार संपलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघाने घेतलं, तर त्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यायची, आणि दोघांचं एकमत झालं नाही तर ती किती हे कमिशनर ठरवणार. भरपाई म्हणून आपला कोणता खेळाडू किंवा ड्राफ्टचा कोणता क्रमांक जाईल हे आधी कळतच नसे. मग कोण कशाला हात घालतो? कागदावर खेळाडू मोकळा, प्रत्यक्षात वेठीला बांधलेला.

१९७० मध्ये दोन लीग एकत्र आल्या आणि खेळाडूंची युनियनही एक झाली. मॅकी तिचा अध्यक्ष झाला. कारकीर्द भरात असताना. १९७१ च्या जानेवारीत त्याने सुपर बोलमध्ये ७५ यार्डांचा टचडाऊन केला. पुढच्या वर्षी, १९७२ मध्ये, त्याने आणि इतर खेळाडूंनी लीगविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. त्याच वर्षी बाल्टिमोरने त्याला सोडलं. तो सॅन दिएगोला एक मोसम खेळला आणि थांबला. म्हणजे शेवटी तोही फिरस्ताच. डिसेंबर १९७५ मध्ये मिनियापोलिसच्या न्यायालयाने रोझेल नियम बेकायदा ठरवला, आणि १९७६ मध्ये वरच्या न्यायालयाने मुख्य निर्णय कायम केला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण १९७७ च्या करारात युनियनने इतर फायद्यांच्या बदल्यात भरपाईची पद्धत थोड्या वेगळ्या रूपात पुन्हा मान्य केली, आणि पुढची दहा वर्षं जवळजवळ कोणीच हललं नाही. न्यायालयात मिळवलेलं टेबलावर घालवलं, असं माझं मत. १९८७ मध्ये मुख्यतः याच मुद्द्यावर संप झाला. मालकांनी बदली खेळाडू आणून तीन आठवडे सामने भरवले आणि संप मोडला.

१९८९ मध्ये मालकांनी स्वतःच 'प्लॅन बी' काढला. प्रत्येक संघाने ३७ खेळाडू राखून ठेवायचे. उरलेले वसंत ऋतूत कुठेही जाऊ शकतील. गंमत बघा. जे चांगले ते बांधलेले, आणि ज्यांची संघाला फार पर्वा नाही ते स्वतंत्र! अमेरिकन फुटबॉलमध्ये मोकळीक आधी पोचली ती रोजंदारीवाल्यांपर्यंत. सप्टेंबर १९९२ मध्ये फ्रीमन मॅकनील आणि इतरांच्या दाव्यात मिनियापोलिसच्याच ज्यूरीने हा प्लॅनही बेकायदा ठरवला. लगेच काही दिवसांत न्यायाधीश डेव्हिड डॉटी यांनी करार नसलेल्या चार खेळाडूंना थोड्या दिवसांची मुभा दिली. त्यांतला सर्वांत गाजलेला होता फिलाडेल्फियाचा कीथ जॅक्सन. तो मायामीला गेला. तोही टाइट एंड. १९९३ पासून करार संपलेल्या अनुभवी खेळाडूंना खरी मोकळीक मिळाली. पण १९९४ मध्ये तिच्या जोडीला संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा आली, पहिल्या वर्षी ३४.६ दशलक्ष डॉलर. एका हाताने दार उघडलं, दुसऱ्याने खुर्च्या मोजल्या. ताऱ्यांना मोठे आकडे दिले की मधल्या फळीतल्या माणसाचा पगार डोळ्यांत येतो. शिवाय सेवेच्या वर्षांबरोबर किमान पगार वाढतो, म्हणजे अनुभवी माणूस महाग आणि ड्राफ्टमधला पोरगा स्वस्त. बहुतेकांचे करार हमीचे नसतातच. विगिन्ससारख्यांची पिढी या दोन गोष्टींच्या चिमट्यातून तयार झाली.

हे वाचताना तुमच्यापैकी काहींना एच-वन आठवला असेल. ऑक्टोबर २००० च्या कायद्याने नव्या कंपनीचा अर्ज दाखल होताच तिथे काम सुरू करायची सोय झाली. त्याआधी आलेल्या मंडळींकडून जुन्या दिवसांचे किस्से मी पुष्कळ ऐकले आहेत. मी २००३ मध्ये शिक्षण संपवलं तेव्हा बाजार पडलेला होता. ज्या कन्सल्टिंग कंपनीने मला घेतलं, तिने चार महिने बेंचवर बसवून पगार मात्र दिला नाही. नंतर दुसरी कंपनी मिळाली, मी निघालो. जाता आलं, एवढंच त्या वेळी मोठं वाटलं.

१ फेब्रुवारी २००४ ला ह्यूस्टनमध्ये सुपर बोल झाला तो पेट्रियट्स आणि पँथर्स यांच्यात. विगिन्स आता पलीकडच्या बाजूला. त्याच्या संघात रिकी प्रोल नावाचा रिसीव्हर होता. दोन वर्षांपूर्वी न्यू ऑर्लिन्समध्ये रॅम्सकडून खेळताना शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरीचा टचडाऊन केला होता तो याच प्रोलने. ह्यूस्टनमध्ये त्याने पुन्हा शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरी साधली. आणि पुन्हा ब्रेडीने चेंडू पुढे नेला, पुन्हा व्हिनाटिएरीने किक मारली, ३२-२९. त्या किकचा अर्थ बाजूच्या रेषेवर उभ्या असलेल्या सगळ्या पँथर्सपैकी विगिन्सला नेमका ठाऊक असणार.

त्यानंतर तो मिनेसोटा व्हायकिंग्जकडे गेला, आणि इथे लोकांचा अंदाज साफ चुकला. २००४ मध्ये त्याने ७१ झेल घेतले, ७०५ यार्ड. रँडी मॉससारखा रिसीव्हर त्याच संघात असताना झेलांच्या संख्येत संघात पहिला विगिन्स! २००५ मध्ये पुन्हा ६९. तेव्हा मी मिनियापोलिसमध्ये एका प्रोजेक्टवर होतो. क्लायंटकडच्या लोकांना मी बॉस्टनच्या बर्फातल्या रात्रीबद्दल सांगितलं, तर त्यांना तो पेट्रियट्सकडे होता हेच माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी तो त्यांचाच होता. पुढे जॅक्सनव्हिल, मग निवृत्ती. नंतर तो बॉस्टनला परतला आणि तिथल्या स्पोर्ट्स रेडिओवर, ईस्ट बॉस्टनच्या त्याच ठसक्यात, बोलू लागला.

मॅकीला हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली १९९२ मध्ये, पात्रतेच्या पंधराव्या म्हणजे शेवटच्या वर्षी. युनियनच्या कामाचा राग मालकांनी इतकी वर्षं धरला, असं त्याच्या सोबत्यांना वाटत होतं आणि मलाही ते खरं वाटतं. त्यानंतर काही वर्षांत त्याची स्मृती जाऊ लागली. पन्नाशी ओलांडलेल्या त्याच्या पत्नीने, सिल्व्हिया यांनी, आरोग्य विमा मिळावा म्हणून विमान कंपनीत फ्लाइट अटेंडंटची नोकरी धरली. त्यांनी कमिशनरना एक पत्र लिहिलं. त्यातून २००७ मध्ये, विगिन्सची लीगमधली कारकीर्द संपत आली होती त्या सुमारास, स्मृतिभ्रंश झालेल्या माजी खेळाडूंच्या शुश्रूषेसाठी लीग आणि युनियन यांनी मिळून योजना सुरू केली. मॅकी २०११ मध्ये गेला. योजनेचं नाव त्याच्या जर्सीच्या क्रमांकावरून 'प्लॅन ८८' असं ठेवलं होतं, आणि रक्कमही त्याच क्रमांकावरून ठरवली होती: घरी नाही, तर संस्थेत ठेवावं लागलं तर वर्षाला ८८ हजार डॉलरपर्यंत.